पडवीतून वर्गात

'शाळा' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याचा मूळ अर्थ ध्यानीही राहत नाही. शाला म्हणजे घर, दालन, छपराखालची जागा. गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा, यज्ञशाळा हे शब्द एका ओळीत मांडले म्हणजे हे चटकन कळते. गुरे बांधायची जागा ती गोशाळा, वाटसरूने पाठ टेकायची जागा ती धर्मशाळा, आणि पाठ घ्यायची जागा ती पाठशाळा. अभ्यासक्रम, वेळापत्रक, परीक्षा, निकाल ही सगळी मंडळी या शब्दात मागाहून येऊन बसली. आधी होती ती जागा.

हे आठवायचे कारण असे की मार्च २०२० पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेवीस महिने, आपल्या गोव्यात शाळा या शब्दातून ही जागाच वजा झाली होती. अभ्यासक्रम चालू होता, हजेरी चालू होती, गृहपाठही चालू होता. फक्त जागा नव्हती. मधे मधे दार किलकिले व्हायचे आणि पुन्हा लागायचे. पुढे शाळा भरल्या, घंटा वाजल्या, आणि आता तर तो काळ कुणाला फारसा आठवतही नाही. पण माध्यमिक शाळेतली मुले त्या वेळी वर्गात परतली, म्हणजे नेमके काय झाले? बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करावे तसे ते होते, की आणखी काही? हा प्रश्न इतिहासाकडे तोंड करून विचारला, तर त्याचे उत्तर जरा वेगळे मिळते असे मला वाटते.

शेणवीमामांची शाळा

गोव्यातल्या मराठी शिक्षणाचा इतिहास हा पडवीतून सुरू होतो. पोर्तुगीज राजवटीत हिंदू मुलांना आपल्या भाषेत शिकवणाऱ्या सरकारी शाळा फारशा नव्हत्या. ज्यांना परवडे अशी खाती-पिती कुटुंबे घरी शिक्षक ठेवीत. त्याला शेणवीमाम म्हणत. वाड्याच्या पडवीत किंवा देवळाच्या चौकात तो मुलांना घेऊन बसे. धुळाक्षरे, मग बाराखडी, मग पाढे, पावकी, निमकी, पुढे मोडी वाचन आणि हिशेब, असा त्याचा क्रम. वाड्यातल्या मुलांबरोबर शेजारपाजारची चार मुलेही बसत. शेणवीमामाला मोबदला मिळे तो बराचसा धान्याच्या आणि जेवणखाणाच्या रूपाने. त्याची शिस्त कडक आणि हात सैल असे. जुन्या माणसांच्या आठवणींतून हा शेणवीमाम वारंवार डोकावतो, आणि त्यात भीती आणि माया यांचे मजेशीर मिश्रण असते.

या पडवीतल्या शाळेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ती सर्वांची नव्हती. ज्याच्या घराला पडवी मोठी, त्याच्या मुलाला विद्या. कुळाच्या मुलाने पडवीबाहेर उभे राहावे आणि कानावर पडेल ते घ्यावे. मुलींचा तर प्रश्नच फारसा येत नसे. शिक्षण घरात असले म्हणजे ते घराच्या ऐपतीवर आणि घराच्या सोवळ्यावर अवलंबून असते, हा त्या काळाचा धडा आहे. तो पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

पडवीतून वर्गात जाण्याची वाट विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत उघडली. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली. घराघरातून मूठ मूठ तांदूळ गोळा करून तिचा निधी उभारला, म्हणून ती मुष्टिफंड. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, पाठोपाठ १९११ साली धर्म आणि शासन यांची फारकत करणारा कायदा झाला, आणि गोव्यातल्या हिंदू समाजाला मोकळा श्वास घेता आला. त्याच १९११ साली फोंड्याला गोवा विद्याप्रसारक मंडळाची स्थापना झाली. मडगाव, म्हापसा, डिचोली अशा गावोगावच्या मंडळींनी वर्गणी काढून शाळा घातल्या. यातल्या पुष्कळ शाळा सुरुवातीला कुणाच्या तरी घराच्या माडीवर किंवा देवळाच्या अग्रशाळेत भरत. पण त्या कुणा एका घराच्या नव्हत्या, हे महत्त्वाचे. एकाच बाकावर दोन वेगवेगळ्या घरांतली मुले शेजारी बसू लागली.

हे बसणे आपल्याला आज साधे वाटते. त्या काळी ते साधे नव्हते.

तरीही १९६१ पर्यंत शाळेची जागा थोड्यांच्याच वाट्याला आली. पणजीचे लिसेव १८५४ साली सुरू झाले होते, पण तिथली भाषा पोर्तुगीज आणि वाट अरुंद. ज्यांना इंग्रजी मॅट्रिक करायचे असे, ते मुंबई, बेळगाव, धारवाड गाठीत. १९५५ नंतर भारत सरकारने सरहद्दीवर निर्बंध आणले, रेल्वे बंद झाली, तेव्हा ही वाटही बिकट झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्या सुमाराच्या जनगणनेत साक्षरता सुमारे ३१ टक्के होती. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा निघाल्या. सुरुवातीची कित्येक वर्षे त्या देवळांच्या सभामंडपात किंवा भाड्याच्या घरांत भरल्या. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के झाली. पन्नास वर्षांतला हा प्रवास 'जागे'ने घडवला. मुलाच्या घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा, जी त्याच्या बापाच्या मालकीची नाही, आणि भाटकाराच्याही नाही.

शाळा याआधीही बंद पडल्या होत्या

आता कुणी म्हणेल की शाळा बंद पडणे ही काही २०२० ची नवी गोष्ट नव्हे. बरोबर आहे. गोव्यापुरते बोलायचे तर शाळा बंद पडण्याचा आणि हलण्याचा इतिहास चांगला साडेचारशे वर्षांचा आहे.

जुन्या गोव्यातले सेंट पॉल कॉलेज जेजुइटांनी सोळाव्या शतकात नावारूपाला आणले. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला तो याच कॉलेजात. पण जुने गोवे हे रोगराईचे आगर होते. १५४३ सालच्या पटकीच्या साथीचे वर्णन तेव्हाच्या पोर्तुगीज बखरकारांनी करून ठेवले आहे, आणि गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाची सविस्तर चर्चा केली आहे. त्या परिसरातल्या रोगट हवेला कंटाळून हे कॉलेज पुढे मोंते सांतोच्या टेकडीवर हलवले गेले. आज जुन्या इमारतीची एक कमान तेवढी उभी आहे. शहरच हळूहळू ओस पडले, आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली.

१७५९ साली पोर्तुगालच्या राजाने जेजुइटांना हाकलले, तेव्हा त्यांच्या हाती असलेल्या गोव्यातल्या विद्यालयांची घडी एका फटक्यात विस्कटली. आणि १९६१ नंतर लिसेवमध्ये शिकणाऱ्या मुलांवर वेगळाच प्रसंग आला. जी भाषा घेऊन ती मुले वर चढत होती, तिची शिडीच काढून घेतली गेली. पोर्तुगीज सोडून इंग्रजीकडे वळावे लागले. मुक्ती हवीच होती, तिच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण त्या दोन-तीन तुकड्यांच्या मुलांनी वर्गात पुन्हा बसताना काय सोसले, याची नोंद आपण फारशी ठेवली नाही. मोठ्या घटनेच्या इतिहासात मुलांच्या वर्षांचा हिशेब बहुधा राहून जातो.

साथ आणि शिक्षक यांचे नाते सांगताना महाराष्ट्रातली एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन. मुलींना वर्गात बसवणाऱ्या पहिल्या पिढीतल्या शिक्षिकेचा शेवट साथीत झाला.

दूर बसून शिकण्याची जुनी गोष्ट

शाळेत न जाता शिकण्याचे प्रयोगही नवे नाहीत. १९३७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ पसरली आणि शाळा उघडण्याचे पुढे ढकलले गेले. तेव्हा तिथल्या शिक्षण खात्याने तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी रेडिओवरून पाठ सुरू केले. कुठल्या इयत्तेचा कुठला विषय किती वाजता, हे रोज वर्तमानपत्रांत छापून येई. पालकांच्या शंकांसाठी फोनवर शिक्षक बसवले होते. आणि तक्रारी कोणत्या आल्या? कुणाच्या घरी रेडिओ नीट लागत नाही, कुणाच्या घरी रेडिओच नाही, कुणाला शिक्षकाचा वेग झेपत नाही. ८३ वर्षांनी आपण रेडिओच्या जागी फोन लिहिला, बाकी तक्रार तीच राहिली. शिकागोतला तो प्रयोग तीनेक आठवड्यांत आटोपला.

१९५१ साली ऑस्ट्रेलियातल्या अॅलिस स्प्रिंग्ज इथून दूरदूरच्या गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या मुलांसाठी दुहेरी रेडिओवरची शाळा सुरू झाली. ती मात्र टिकली, कारण ती शाळेच्या जागी तात्पुरती आलेली नव्हती. तिथे दुसरी शाळा शक्यच नव्हती. आपल्या देशात ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असे वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ साली बंद पडली. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. गंमत पाहा, ज्या संस्थेची २०२० साली सर्वांत जास्त गरज पडली असती, तिला आपण तीन वर्षे आधीच कुलूप लावले होते.

या सगळ्या प्रयोगांत एक समान धागा आहे. दूरचा आवाज हा वर्गाला जोड म्हणून चांगला चालतो. वर्गाच्या जागी बसवला की त्याची दमछाक होते.

तेवीस महिने

आता आपल्या तेवीस महिन्यांकडे येऊ. मार्च २०२० च्या मध्यावर गोव्यातल्या शाळा बंद झाल्या, सुरुवातीला फक्त महिनाअखेरपर्यंत. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. बारावीचे काही पेपर अडकले, दहावीची परीक्षा तर सुरूच व्हायची होती. गोवा शालान्त मंडळाने ती २१ मे २०२० पासून घेतली. देशातल्या इतर बऱ्याच मंडळांनी परीक्षांचा विचारही बाजूला ठेवला होता, तेव्हा ही परीक्षा झाली. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात राहणारी आणि रोज गोव्यातल्या शाळेत येणारी मुले होती, त्यांच्यासाठी सीमेजवळ वेगळी सोय करावी लागली. सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग ही नावे आपल्याला सोयरिकीमुळे आणि बाजारामुळे घरची. त्या वर्षी प्रथमच कळले की आपल्या शाळांच्या बाकांवर एक राज्यसीमाही बसलेली असते.

जून २०२० मध्ये नवे वर्ष सुरू झाले ते फोनवर. आणि फोन म्हटल्यावर पडवीचा जुना प्रश्न परत आला. ज्याच्या घरी फोन, त्याला वर्ग. दोन भावंडांत एक फोन, तर थोरल्याची दहावी म्हणून धाकट्याने थांबायचे. बाप कामाला जाताना फोन घेऊन गेला, तर वर्ग संध्याकाळी. सांगे तालुक्यात कुमारी परिसरातली मुले रेंज मिळावी म्हणून काही किलोमीटर चालत डोंगर चढत होती, नेत्रावळीच्या अभयारण्यातल्या वाटेने, ही बातमी त्या वर्षी देशभर गाजली. पावसात छत्री धरून झाडाखाली बसलेली ती मुले पाहून सर्वांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी जिद्दीचे कौतुक केले. मला वाटते कौतुक जरा कमीच करावे. शाळा वाड्यावर पोचवायला आपल्याला दहा-पंधरा वर्षे लागली होती, आणि इथे एका महिन्यात ती डोंगराच्या माथ्यावर जाऊन बसली.

२१ नोव्हेंबर २०२० रोजी दहावी आणि बारावीचे वर्ग उघडले. एका बाकावर एक, तोंडाला मास्क, दारात तापमान बघणारा शिपाई. मग दुसरी लाट आली. मे २०२१ मध्ये गोव्याने फार सोसले. १६ मे रोजी तौक्ते वादळाने विजेच्या तारा लोळवल्या आणि फोनवरची शाळाही काही दिवस बंद पडली. दहावी आणि बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. अंतर्गत गुणांवर निकाल लागला, आणि तो ९९ टक्क्यांच्या वर गेला. १८ ऑक्टोबर २०२१ पासून नववी ते बारावी पुन्हा वर्गात. डिसेंबरात पहिल्या सत्राची परीक्षा झाली, पर्यायांतून उत्तर निवडायची. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेने पुन्हा कुलपे लागली. ३ जानेवारीपासून १५ ते १८ वयाच्या मुलांचे लसीकरण सुरू झाले, आणि काही मुले शाळेत आली ती केवळ दंडावर सुई टोचून घेण्यासाठी. शेवटी २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, विधानसभेचे मतदान झाल्यावर आठवड्याभराने, पहिलीपासून बारावीपर्यंत शाळा उघडल्या.

परतलेली मुले कोण होती?

तारखा सोप्या असतात, मुले अवघड. म्हणून एक हिशेब करून पाहू.

जो मुलगा मार्च २०२० मध्ये आठवीत होता, त्याची नववी बव्हंशी घरी गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो वर्गात आला तो थेट दहावीत. म्हणजे शाळेने ज्याला शेवटचा पाहिला तो तेरा-चौदा वर्षांचा पोर होता, आणि परत आला तो मिसरूड फुटलेला, आवाज बदललेला, शिक्षकांपेक्षा उंच. गणवेश अपुरा झालेला. मुलींचेही तेच. मधली दीड वर्षे, ज्यात पोर जगाशी भांडून स्वतःला घडवते, ती त्यांनी एका खोलीत काढली होती. त्यांना दोन महिन्यांनी परीक्षा द्यायची होती.

दुसरी तुकडी याहून नाजूक. गोव्यातल्या मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत शिकलेले मूल पाचवीत जाते, तेव्हा त्याचे माध्यम बहुधा इंग्रजी होते. हा उंबरठा आपल्याकडे पूर्वीपासून उंच आहे. चांगला शिक्षक पहिले सहा महिने त्या मुलाला हाताला धरून तो ओलांडवतो. मुलाचा चेहरा बघून एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत असे शिकवतो. २०२० साली हा उंबरठा मुलांनी फोनच्या पडद्यावर ओलांडला. वर्ग खऱ्या अर्थाने उघडले तेव्हा ती मुले सहावीच्या अखेरीस होती. पुढे २०२३-२४ मध्ये ती आठवीत, म्हणजे हायस्कुलात आली, आणि २०२५-२६ हे त्यांचे दहावीचे वर्ष. साथ संपली असे आपण म्हणतो, पण तिचा हा हप्ता २०२६ पर्यंत चालला.

या मुलांना वर्गात बसवणे म्हणजे काय होते? तीन तास सलग लिहायची बोटांना सवय नव्हती. पर्यायावर खूण करून दोन वर्षे काढल्यावर चार ओळींचे उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडणे जड जात होते. चाळीस मिनिटे एका जागी बसायचे, मधेच उठून पाणी प्यायचे नाही, आवाज बंद करायचे बटण नाही. आणि सर्वांत अवघड म्हणजे चारचौघांत चुकायचे. फोनवर न कळलेले मूल कॅमेरा बंद करून नाहीसे होऊ शकत होते. वर्गात तोंड दिसते. ज्या शिक्षकांना हे उमगले त्यांनी पहिले काही आठवडे धडा बाजूला ठेवून मुलांना नुसते बोलते केले. ज्यांना अभ्यासक्रम संपवण्याची घाई होती किंवा तशी घाई त्यांच्यावर लादली गेली, त्यांच्या वर्गात मुले बसली खरी, पण परतली नाहीत.

एप्रिल २०२२ च्या दुसऱ्या सत्राची परीक्षा पुन्हा लेखी झाली, आणि त्या वर्षी दहावीचा निकाल ९२-९३ टक्क्यांवर आला, म्हणजे साथीच्या आधीच्या परीक्षेइतकाच. अनेकांनी सुस्कारा सोडला. गाडी रुळावर आली म्हणाले.

रूळ कुठला?

इथे जरा थांबायला हवे. देशाच्या ग्रामीण भागातल्या मुलांची चाचणी घेणारा 'असर' नावाचा अहवाल गेली वीस वर्षे निघतो. त्यातले आकडे बोलके आहेत. तिसरीतली किती मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात? २०१८ साली २७.३ टक्के, २०२२ साली २०.५ टक्के. साथीचा फटका स्पष्ट दिसतो. २०२४ साली हाच आकडा २७.१ वर आला. म्हणजे लहान मुलांचे नुकसान बरेचसे भरून निघाले. दुसरी भीती होती मुलींची, की एकदा घरी बसलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी परत पाठवणार नाहीत. तसेही झाले नाही. या वयाच्या शाळाबाह्य मुलींचे प्रमाण २०१८ साली १३.५ टक्के होते, ते २०२२ साली ७.९ वर उतरले. आईबापांनी मुलींना परत पाठवले, ही या साऱ्या कहाणीतली आनंदाची गोष्ट.

पण आता चौदा ते अठरा वयाच्या मुलांचे पाहा. २०२३ च्या पाहणीत सुमारे २५ टक्के मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सरळ वाचता आला नाही, आणि साधा भागाकार जमला तो ४३ टक्क्यांना. साथीचा परिणाम म्हणून वर्तमानपत्रांनी हे आकडे ठळक छापले. पण अशीच पाहणी २०१७ साली झाली होती, आणि तेव्हाचे आकडे? वाचता न येणारे सुमारे २५ टक्के, भागाकार येणारे सुमारे ४३ टक्के. काही बदललेच नव्हते. चारांतला एक मुलगा साथीच्या आधीही वर्गात बसून वर्गाबाहेर होता. शेणवीमामांच्या पडवीबाहेर उभे राहून कान देणाऱ्या कुळाच्या पोरासारखा. फरक इतकाच की आता त्याला आत बाक मिळाला होता.

हे आकडे देशभरातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांचे आहेत, ते जसेच्या तसे गोव्याला लावू नयेत. आपल्याकडे शाळा जवळ आहेत, शिक्षक आहेत, बालरथाच्या बसगाड्या आहेत. पण प्रश्न आपल्यालाही लागू आहे. 'पूर्ववत' झाले याचा आनंद मानताना ते पूर्व कसे होते, हे विचारायला नको का?

कुणी असेही म्हणेल की शाळेचे एवढे काय? धर्मानंद कोसंबींसारखा साखवाळचा मुलगा, ज्याला शाळेचे शिक्षण नावापुरतेच मिळाले, तो पालीचा जागतिक कीर्तीचा पंडित झाला आणि हार्वर्डला जाऊन पोचला. खरे आहे. पण धर्मानंदांनी काय केले ते पाहा. १८९९ साली घर सोडून ते पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन असे भटकले ते कशासाठी? पुस्तके तर टपालानेही येतात. ते हिंडले गुरूच्या समोर बसण्यासाठी. ज्याला शाळेची जागा मिळाली नाही, त्याने ती अर्धा आशिया तुडवून शोधली. सगळ्यांकडून हे होत नाही, म्हणून समाजाने गावात शाळा घालायची असते.

शाळा पडवीतून वर्गात आली तेव्हा मुलाला घराबाहेरचे जग मिळाले. २०२० मध्ये ती पुन्हा घरात गेली. शेणवीमाम निदान मुलाच्या समोर तरी बसत होता, त्याच्या डोळ्यांत बघून छडी उगारत होता. फोनमधल्या शिक्षकाला तेही सुख नव्हते, आणि त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. अनोळखी यंत्र हाती घेऊन, स्वतःच्या घरातली आजारपणे सांभाळून, त्याने जमेल तेवढे केले. परतीच्या त्या महिन्यांत मुलांइतकाच शिक्षकही नव्याने वर्गात रुळत होता.

आपल्या गोव्यातल्या शाळांना स्मरणिका काढायची मोठी हौस. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, शतकमहोत्सव, प्रत्येकाची स्मरणिका. त्यांत संस्थापकांचे फोटो असतात, देणगीदारांच्या याद्या असतात, निकालांचे तक्ते असतात. १९०८ ची मूठभर तांदळाची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती अशा नोंदींमुळेच. माझी एक सूचना आहे. पुढच्या स्मरणिकेत या तेवीस महिन्यांवर एक प्रकरण असावे, आणि ते त्या वेळच्या मुलांनी लिहावे. कोण कुठे बसून शिकले, घरात फोन किती होते, कुणाचा वर्गमित्र परत आलाच नाही, परतल्यावर पहिल्या दिवशी बाकावर शेजारी कोण बसले. २०२० साली आठवीत असलेली मुले आज कॉलेजात आहेत, काही नोकरीला लागली आहेत. अजून त्यांना सगळे आठवते आहे. १९६१ नंतरच्या लिसेवच्या मुलांना आपण विचारायला उशीर केला. यांना अजून विचारता येईल.